दुसरा गोळा

सुधीररावांच्या कानावर कच्ची बातमी जाऊ द्यायची नाही, हे पथ्य ऋजुताने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात स्वतःला लावून घेतलं होतं. ते तिने बरीच वर्षं पाळलं आणि मोडलं ते नेमकं फेब्रुवारीत, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी चित्ररथांचे विषय ठरत होते तेव्हा.

सुधीरराव तिचे सासरे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, डोंबिवली पूर्वेला राहणारे, आणि संध्याकाळच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचे बिनविरोध अध्यक्ष. बिनविरोध अशासाठी, की विरोध करणाऱ्याला पुढच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शनसुद्धा मिळत नसे. त्यांच्या स्वभावाच्या जमेच्या बाजूला पुष्कळ गोष्टी होत्या. शब्दाला पक्के, खाण्यात साधे, सुनेचं कौतुक तोंडभरून करणारे. खर्चाच्या बाजूला एकच होती. कौतुक करताना त्यांना धीर धरवत नसे.

ऋजुता ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे टाइमटेबलात तिचं नाव असतं, स्टाफरूमच्या फलकावर नसतं. शिकवून उरलेल्या वेळात ती कृष्णविवरं शोधते. हे ऐकून बिल्डिंगमधले लोक दोन प्रकारचे चेहरे करत. एक ‘अरे वा’ असा, आणि दुसरा ‘त्यापेक्षा बारावीचे क्लास का नाही घेत’ असा. पहिला चेहरा करणारेही पाचेक मिनिटांत दुसऱ्यावर येत.

या शोधाला स्वतःची दुर्बीण लागत नाही, लॅपटॉप लागतो. अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण जे जे टिपते, ते काही काळाने कुणालाही बघायला खुलं होतं. मोठमोठ्या संस्थांतले लोक आपापल्या कामापुरतं बघतात आणि बाकीचं सोडून देतात. ते सोडलेलं ऋजुता चाळते. तिला हव्या असतात दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वसाहती; त्यातही एकमेकींत घुसत असलेल्या. प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या पोटात एक अजस्र कृष्णविवर असतं. एरवी ते झोपलेलं असतं. दोन दीर्घिका एकत्र यायला लागल्या की वायू आणि धूळ मधोमध ढकलली जाते, आणि ती गिळताना कृष्णविवराच्या भोवती क्ष-किरणांचा जाळ होतो. एकाच गोंधळात दोन्ही कृष्णविवरं अशी पेटलेली सापडली, तर ती खरी कमाई. अशा जोड्या क्वचित हाती लागतात, कारण साध्या प्रकाशात मधल्या धुळीपलीकडचं काहीच दिसत नाही. क्ष-किरणांतले जे कडक असतात, तेवढेच ती धूळ भेदून आपल्यापर्यंत पोचतात.

तर अशा एका घुसाघुशीला तिने डोंबिवलीहून ठाण्याला जाताना लागणाऱ्या नाक्यावरून ‘शीळफाटा’ असं नाव ठेवलं होतं. कॅटलॉगमधला नंबर लांबलचक होता, आणि चित्र बघितल्यावर दुसरं नाव सुचतही नव्हतं. सगळीकडून सगळे येतायत, कुणी कुणाला वाट देत नाही, आणि मध्ये धूळ. त्या धुळीत एक ठिपका स्पष्ट होता. डिसेंबरात तिला त्याच्या बगलेत दुसरा दिसला. बारीक, पण होता.

दोन महिने ती गप्प बसली. मग एका संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला, स्वानंदला, सांगितलं. बाहेरच्या खोलीत सुधीररावांनी टीव्ही म्यूट केला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“दोन आहेत?” दारात उभं राहून सुधीररावांनी विचारलं.

“बाबा, पक्कं नाहीये अजून.”

“पक्कं नाही म्हणजे किती टक्के?”

“असं टक्क्यांत नाही सांगता येत...”

“साठ?”

“असेल साठ,” विषय संपावा म्हणून ती म्हणाली.

सुधीररावांच्या पिढीत साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आणि फर्स्ट क्लास म्हणजे पेढे. दुसऱ्या दिवशी कट्ट्याने त्या वर्षीच्या चित्ररथाचा विषय मंजूर केला: ‘डोंबिवलीची सून, ब्रह्मांडाची धून’. आधी ‘पाणी वाचवा’ ठरलं होतं. ते सलग तिसऱ्यांदा होणार होतं, त्यामुळे कुणी अश्रू ढाळले नाहीत.

ऋजुताला हे कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून. दुपारी कॉलेजच्या जिन्यात तिचा फोन वाजला.

“मॅडम, पोपट बोलतोय, शहाडवरून. काकांनी नंबर दिला. ते दोन काळे गोळे फिरते पायजेत ना? म्हणजे जागच्या जागी फिरतात, का एकमेकांच्या भोवती?”

“एकमेकांभोवती,” ती बोलून गेली. शिक्षकाला प्रश्न विचारला की उत्तर आधी येतं, भानगड काय आहे ते नंतर. “पण कसले गोळे? तुम्ही कोण?”

पोपटची शहाडला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शेड होती. गणपतीची आरास, लग्नाचे मंडप, पाडव्याचे रथ, सगळं तिथे बांबूत उभं राहायचं आणि कापडात संपायचं. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. ऋजुता जिन्यातच बसली.

“पोपटदादा, थोडं थांबता का? मी घरी बोलते.”

“थांबायला टाइम कुठाय मॅडम? सहा रथ हायेत माझ्याकडं. अख्खा रायगड उभा करायचा बाकी हाय. तुमचे गोळे मी मधल्या वेळात घेतलेले.”

घरी बोलून काही उपयोग झाला नाही. फ्लेक्स छापायला गेला होता. त्यावर ऋजुताचा फोटो होता, लग्नाच्या रिसेप्शनमधला. कापूनसुद्धा स्वानंदचा अर्धा खांदा तिच्या शेजारी राहिलाच होता.

“माझं कृष्णविवर झालंय,” स्वानंद म्हणाला. “आहे, पण दिसत नाही.”

ऋजुताला हसू आलं नाही. फ्लेक्सपेक्षा मोठी गोष्ट तिच्या डोक्यात होती. त्या क्ष-किरण दुर्बिणीचा वेळ मागण्याचे अर्ज वर्षातून एकदा, मार्चच्या मध्यावर घेतात. जगभरातून मागतात, मोजक्यांना मिळतो. शीळफाट्याकडे दुर्बीण पुन्हा वळवावी, नीट वेळ देऊन बघावं, असा प्रस्ताव ती लिहीत होती. आजवरच्या प्रत्येक कागदावर तिचं नाव कुणाच्या तरी मागे तिसरं-चौथं असायचं. यावर ते पहिलं असणार होतं. आणि या सगळ्याचा डोलारा त्या बगलेतल्या ठिपक्यावर उभा होता. तो खरा, तर ती एक संशोधक. तो खोटा, तर ती टाइमटेबलातली एक ओळ.

प्रस्ताव पाठवायच्या आधीच्या रविवारी ती सरोजबाईंकडे गेली. बसने ठाणे आणि पुढे रिक्षाने नौपाडा. बाईंनी तिला एमएस्सीला शिकवलं होतं, आता निवृत्त होत्या, आणि प्रस्तावात दुसरं नाव त्यांचं होतं. विद्यार्थ्यांवर जीव लावण्यात बाई उदार होत्या. शाबासकीच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतकी चिंगूस बाई ठाणे जिल्ह्यात नव्हती.

बाईंनी चित्र बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

“हे सरळ केलंयस ना?”

“हो. उत्तर वर.”

“का?”

“का म्हणजे? सगळेच करतात.”

“सगळे करतात ते दाखवताना. दुर्बीण काय उत्तर वर धरून उभी असते का गं? तिला पाठ कायम सूर्याकडे ठेवायची असते. वर्षभरात ती स्वतःभोवती फिरते. प्रत्येक वेळी चित्र वेगळ्या तिरकेपणाने निघतं. नंतर कॉम्प्युटर ते सरळ करून देतो.”

“माहितीये बाई. मी शिकवते हे.”

“मग शेपटी कुठे मांडलीस ते दाखव.”

त्या दुर्बिणीच्या आरशाला एक खोड आहे, आणि ती लपलेली नाही; वापरायच्या सूचनांतच लिहिलेली आहे. कुठल्याही झगझगीत ठिपक्याचा थोडासा उजेड, साधारण विसावा हिस्सा, एका बाजूला सांडतो. बारीक शेपटीसारखा. म्हणून प्रत्येक चित्रावर आधी ती शेपटी कुठे पडेल हे आखून घ्यायचं आणि तेवढ्या जागेवर विश्वास ठेवायचा नाही, असा या धंद्याचा शिरस्ता. ऋजुताने ती आखली होती. दुसरा ठिपका त्या रेघांच्या बाहेर, ऐटीत बसला होता.

तिने फाइल उघडली आणि तिच्या बोटांना आधी कळलं. चित्र सरळ केलेलं होतं. शेपटीची आखणी मात्र तिने न फिरवता, आरशाच्या मूळ दिशेने तशीच चिकटवली होती. नीटनेटकेपणाच्या सवयीने चित्र वळलं होतं आणि खोड जागेवर राहिली होती.

तिने आखणी फिरवली. रेघा हळूच सरकल्या आणि दुसऱ्या ठिपक्यावर जाऊन बरोबर बसल्या. झाकण बसावं तशा.



“पोहे करते,” बाई म्हणाल्या.

“नको बाई.”

“तुला नाही विचारलं. मला भूक लागलीये.”

परतीची बस शीळफाट्याला अडकली. अडकणारच होती. ट्रक, टँकर, कंपनीच्या बसेस, सगळे एकमेकांच्या अंगावर. ऋजुताने खिडकी लावून घेतली आणि डोळे मिटले.

घरी सुधीरराव माइकवर बोलायचं भाषण पाठ करत होते. “... आणि या दोन महाकाय कृष्णविवरांच्या...”

“बाबा. एकच आहे.”

“काय एकच?”

“कृष्णविवर. दुसरं नाहीये. म्हणजे आहे असं म्हणता येत नाही. ती आरशाची खोड होती. चूक माझी झाली.”

सुधीरराव खुर्चीत बसले. “दोन महिने रोज बघत होतीस ना?”

“हो.”

“आणि दिसली नाही?”

“नाही दिसली.”

या क्षणी दुसरा कुणी सासरा असता तर आधी फ्लेक्स आठवला असता. सुधीररावांनाही तोच आठवला, खोटं कशाला बोला. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या गुंडाळीकडे एकदा बघितलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, कारण हार मानायची त्यांना सवय नव्हती, आणि कट्ट्यावरच्या वादात तर मुळीच नाही.

“खोड आरशाचीच आहे हे कशावरून?”

“तिथेच पडते ती. आखून बघितलं मी.”

“खोडीच्या जागेवर खरी वस्तू असू शकत नाही? आमच्याकडे लाइनवर खरखर असायची, म्हणून पलीकडे माणूसच बोलत नाही असं कुणी म्हणत नसे.”

“असू शकते बाबा. पण दाखवणार कशी?”

“आरसा फिरव.”

“ती दुर्बीण माझ्या हातात आहे का? दुसऱ्या ऋतूत काढलेलं चित्र हवं, तेव्हा ती वेगळी वळलेली असते. खोड आरशाबरोबर फिरते. खरी वस्तू आकाशात जिथे आहे तिथेच राहते.”

“मग घे की ते चित्र.”

“आहे एक. जुनं आहे, वेगळ्याच कामासाठी काढलेलं. पण इतका थोडा वेळ काढलंय की त्यात काही—”

“बघितलंस?”

ऋजुताने बघितलं नव्हतं. फार कमी उजेड म्हणून तिने ते डिसेंबरातच बाजूला टाकलं होतं. दाराशी उभा असलेला स्वानंद म्हणाला, “बाबा, तिला जेवू दे आधी,” आणि सुधीरराव म्हणाले, “मी कुठे अडवलंय? जेवता जेवता बघ म्हणतो.”

तिने ते दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मधे स्टाफरूममध्ये बघितलं. या वेळी चित्र सरळ केलंच नाही. जसं दुर्बिणीने काढलं होतं तसंच ठेवलं, डोकं वाकडं करून बघायला लागलं तरी. क्ष-किरणांत उजेड सलग नसतो, एकेक कण येतो, आणि कण मोजता येतात. शेपटी आता भलत्याच बाजूला पडली होती. तिथे अपेक्षेइतकेच कण होते, आरसा आपल्या खोडीला जागला होता. जुन्या जागेवर, बगलेत, जिथे आता खोडीचा काही संबंध नव्हता, तिथे मोठ्या ठिपक्याचा सांडलेला उजेड धरून एक-दोन कण यायला हवे होते.

सात होते.

तिने परत मोजले. सात. त्यांतले पाच कडक होते, धूळ फोडून येणारे. सांडलेला उजेड असा नसतो.

तिने बाईंना फोन लावला. “बाई, सात आहेत.”

“सातवर नाचू नकोस.”

“नाचत नाहीये.”

“आवाज नाचतोय तुझा.” मग थोड्या वेळाने, “कडक किती?”

“पाच.”

“हं,” बाई म्हणाल्या. बाईंच्या हिशेबात ‘हं’ ही मोठी रक्कम होती.

म्हणजे खोटा ठिपका खऱ्याच्या डोक्यावर बसला असण्याची शक्यता होती. शक्यता. सात कणांवर पेपर छापून येत नाही, प्रस्ताव मात्र लिहिता येतो. प्रश्न होता कसा लिहायचा. कॉलेजमधल्या एका सहकाऱ्याने मैत्रीपोटी सल्ला दिला, “शेपटीचं बोलूच नकोस. मोठं चित्र दाखव, दोन ठिपके दिसतायत, बस. वाचणारे काय दुर्बीण घेऊन बसलेत?” स्वानंद म्हणाला, “माहीत नाही गं, पण ते शोधून काढतीलच ना?” सरोजबाई म्हणाल्या, “पहिलं नाव तुझं आहे,” एवढंच.

ऋजुताने पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की मोठ्या चित्रातला दुसरा ठिपका आरशाच्या शेपटीवर पडतो आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. सुरुवातीला तिने स्वतःच तो खरा मानला होता. मग सात कण मांडले. मग मागणी लिहिली: दुर्बीण अशा महिन्यात वळवा की शेपटी पूर्ण उलट्या बाजूला पडेल. तिथे काही दिसलं नाही तर आम्ही तसं छापू. पाठवायचं बटण तिने दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना दाबलं आणि मग शहाडला फोन केला.

“पोपटदादा, एक गोळा पूर्ण करा. दुसऱ्यावर कापड चढवू नका.”

“म्हणजे?”

“नुसता बांबूचा सांगाडा ठेवायचा. आरपार दिसला पाहिजे.”

“काय बोलता मॅडम! लोकं म्हणतील पोपटनं काम अर्धं टाकलेलं. माझा नंबर असतो खाली रथावर.”

“मी सांगते लोकांना.”

“तुम्ही किती लोकांना सांगणार? यात्रा केवढी असती!” पोपटने फोन सुधीररावांना लावला. सुधीररावांनी सुनेकडे बघितलं. भाषणाचा कागद त्यांच्या खिशात होता, त्यात ‘दोन महाकाय’ हे शब्द तीन ठिकाणी होते. ते फोनवर म्हणाले, “पोपटराव, मॅडम सांगतात तसं करा. ती हेड आहे.”

पाडव्याच्या सकाळी रथ निघाला. पुढे ढोल, मागे लेझीम, मधे टेम्पोवर एक काळाकुळकुळीत गोळा आणि त्याच्याभोवती फिरणारा बांबूचा पिंजरा. फ्लेक्सवरच्या ‘दोन कृष्णविवरे’ यातल्या ‘दोन’वर स्वानंदने पांढरा कागद चिकटवला होता, आणि तो वाऱ्याने सारखा उचलला जात होता. चौकात एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “अहो, एक अर्धाच राहिला वाटतं तुमचा! वर्गणी कमी पडली का?”

सुधीररावांनी माइक हातात घेतला. कट्ट्याच्या मंडळींनी श्वास रोखला, कारण अध्यक्षांच्या हातात माइक गेला की तो परत यायला वेळ लागत असे.

“अर्धा राहिलेला नाही!” ते म्हणाले. “तपास चालू आहे!”

लोक हसले. सुधीररावांना हसणं ही सुरुवात वाटली आणि ते बोलत राहिले. आरशाची खोड, दुर्बिणीचं वळणं, सात कण, त्यातले पाच कडक. अर्धं चुकीचं सांगितलं. पण ‘आमच्या सुनेनं स्वतःची चूक स्वतः लिहून पाठवली’ हे बरोबर सांगितलं, आणि दोनदा सांगितलं. एका मुलीने गाडीबरोबर चालता चालता ऋजुताला विचारलं, “काकू, नसलाच दुसरा तर?”

“तर नाही म्हणून कळेल.”

“मग काय फायदा?”

“दुसरीकडे शोधता येईल.” उत्तर देताना ऋजुताच्या लक्षात आलं की हे ती नुसतं तोंडदेखलं बोलत नाहीये. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिला पोटात भूक जाणवली आणि तिने रथावरच कुणाच्या तरी डब्यातली पुरणपोळी मागून खाल्ली.

प्रस्ताव मंजूर झाल्याची मेल पावसाळ्यात आली. परीक्षकांच्या शेऱ्यात एक वाक्य होतं, की अर्जदारांनी आपला पुरावा कुठे कच्चा आहे हे आम्ही शोधायच्या आधीच सांगितलं, त्यामुळे बाकीच्यावर विश्वास ठेवणं सोपं गेलं. सुधीररावांनी त्याची प्रिंट काढून मागितली. ऋजुताने दिली नाही. त्यांनी ती स्वानंदकडून मिळवली.

दुर्बीण वळली ती थेट हिवाळ्यात. आकडे आले त्या दिवशी ऋजुताने लॅपटॉप घरी उघडलाच नाही. तो पिशवीत घालून ती सरळ नौपाड्याला गेली. चित्र तयार केलं, पण बाईंना दाखवण्याआधी ते मनाला येईल तसं कुठल्यातरी कोनात फिरवलं, उत्तर कुठे, शेपटी कुठे, काहीच कळू नये असं. त्याची प्रिंट काढून बाईंपुढे ठेवली.

“हे कसलं?” बाई म्हणाल्या. “कुठल्या दिशेनं बघायचं?”

“ते नाही सांगणार. जिथे काही आहे असं वाटतं तिथे फुली मारा.”

“माझी परीक्षा घेतेस?”

“माझी घेतेय. मी बघितलं तर मला हवं ते दिसेल.”

बाईंनी पेन्सिल घेतली. कागद खिडकीशी नेला. एक फुली पटकन पडली. मग पेन्सिल फिरत राहिली, थांबली, मागे गेली. ऋजुता बाईंच्या पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं.

“हा,” बाई म्हणाल्या. “आणि हा.”

ऋजुताने दुसरा कागद दिला, तेच चित्र भलत्या कोनात फिरवलेलं. बाईंनी परत दोन फुल्या मारल्या. तिसऱ्यावरही दोन. मग ऋजुताने लॅपटॉप उघडला, तिन्ही कागद एकेक करून जागेवर फिरवले आणि फुल्या मांडल्या. सहाही फुल्या दोनच जागी गोळा झाल्या. शेपटी समोरच्या बाजूला पडली होती, दुसऱ्या फुलीपासून लांब, रिकाम्या धुळीत. दुसऱ्या फुलीच्या जागी या वेळी कण मोजायला बोटं पुरणार नव्हती, आणि बहुतेक सगळे कडक होते.

बाईंनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून बसल्या.

“आता रडायचं असेल तर रडून घे,” त्या म्हणाल्या. “मी चहा टाकते.”

“बाई, चांगलं झालंय का?”

“चांगलं झालंय,” बाई म्हणाल्या, आणि आपण एवढं बोलून गेलो याचं त्यांनाच नवल वाटल्यासारख्या लगबगीने आत गेल्या.

ऋजुता रडली नाही. तिने पेपरचा मसुदा उघडला. शीर्षक तिने गेल्या आठवड्यातच टाइप करून ठेवलं होतं, खाली तिचं नाव, मग बाईंचं. शीर्षकात ‘बहुधा’ असा एक शब्द होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग कर्सर त्याच्या मागे नेऊन एकेक अक्षर मागे घेत तो पुसून टाकला.

“आलं घालू का?” आतून बाईंनी विचारलं.

“घाला,” ती म्हणाली, आणि पहिलं वाक्य लिहायला लागली.